राखाडी रंगाखालचा मेपल

आर्लीन हूकस्ट्राने पोटमाळा आवरायला काढला, त्या शनिवारी तिच्या नवऱ्याने, म्हणजे विलार्डने, गळ घेऊन तळ्यावर निघून जायला हवं होतं. पोटमाळा आवरणाऱ्या बायकोच्या वाटेत नवरा आला की तोही अडगळीत धरला जातो. पण विलार्डला वाटलं, आपण मदत करावी. सत्तेचाळीस वर्षांच्या, विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या माणसाला अजून असं वाटावं, यावरून त्याच्या स्वभावाची कल्पना यावी.

दुपारपर्यंत घरापुढच्या हिरवळीवर टेबलं लागली आणि हूकस्ट्रांचा संसार साऱ्या वेस्टरडाइक गावासमोर विक्रीला उघडा पडला. बर्फावरून घसरायचे बूट, झाकण हरवलेली किटली, आर्लीनच्या मावशीने दिलेले आणि मावशी हयात असेतो विकता न आलेले तीन दिवे. आणि टोकाला, इस्त्रीच्या फळीला टेकून उभी केलेली एक राखाडी इलेक्ट्रिक गिटार.

राखाडी म्हणजे पोर्चच्या पायऱ्यांना देतात तो राखाडी. आमच्या गावातल्या निम्म्या घरांच्या पायऱ्या त्याच रंगाच्या आहेत. तो रंग चिखल लपवतो आणि कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. आणि डोळ्यांत न भरणं हा आम्हा डच रिफॉर्म्ड चर्चच्या मंडळींत फार मोठा सद्गुण आहे.

समोरच्या घरातल्या झायल्स्ट्राबाई रस्ता ओलांडून आल्या. किटली उचलून पाहिली, नाक मुरडलं, मग गिटारपाशी थांबल्या.

"विलार्ड, हिच्या पोटाला भोक पाडून माती भरली तर जिरेनियमची फुलं छान येतील."

"झायल्स्ट्राबाई," विलार्ड म्हणाला, "त्या रंगाखाली मेपल आहे."

"असेल की. माझ्या दारातही मेपल आहे. दर शरदात त्याची पानं झाडून माझी कंबर मोडते, त्याचं कुणाला कौतुक आहे?"

"तसला मेपल नाही. लाटांचा मेपल. उभ्या गावाने पाहिला नसेल असा."

"आम्ही कसे पाहणार? तो रंगाखाली आहे ना," असं म्हणून बाई दिव्यांकडे वळल्या.

विलार्डने गिटार उचलली आणि घरात नेली. आर्लीनने विचारलं, "कुणी घेतली?" तो म्हणाला, "मी."

आता ती राखाडी कशी झाली ते सांगायला हवं. विलार्ड सतरा वर्षांचा असताना कॅलामझूच्या गिटार-कारखान्यातून ती आली होती, त्याच्या सेलरीच्या मळ्यातल्या तीन उन्हाळ्यांची कमाई म्हणून. कडेला पिकल्या चेरीचा लाल, मध्ये मधाचा पिवळा, आणि त्यांच्याखाली मेपलच्या लाटा. त्या वर्षी चर्चच्या तरुण मंडळात, रविवारच्या संध्याकाळी, त्याने ती वाजवायला घेतली. दोनच रविवार वाजवली. तिसऱ्या आठवड्यात चर्चचे वडीलधारे घरी आले. त्यांचं म्हणणं, वाजवायला हरकत नाही, पण पोरींची नजर स्तोत्रांच्या पुस्तकावर राहत नाही, एवढं चकचकीत लाकूड देवाच्या घरात बरं दिसत नाही. विलार्डच्या वडिलांनी, क्लासनी, ऐकून घेतलं, कॉफी पाजली आणि वडीलधारे गेल्यावर गिटार तळघरात नेली. पुढच्या शनिवारी ती राखाडी होऊन वर आली. क्लास ग्रँड रॅपिड्सच्या फर्निचर-कारखान्यात पॉलिशकाम करायचे. त्यामुळे शिक्षेतसुद्धा काम नामी होतं: एक ओघळ नाही, तारांखालच्या पितळेला एक शिंतोडा नाही.

"आता वाजव," ते म्हणाले होते.

आवाज तोच होता. इलेक्ट्रिक गिटारला वरचा रंग कुठला ते कळत नाही. पण सतरा वर्षांच्या पोराला कळतं. नाताळच्या आधीच गिटार पेटीत गेली आणि बापलेकांत त्या विषयावर पुन्हा शब्द झाला नाही. आमच्याकडे भांडणं अशीच होतात. न बोलता, पिढ्यानुपिढ्या टिकणारी.

तर विलार्डने रंग काढायचं ठरवलं. रंग काढणं हे काम असं आहे की ते करायला एक माणूस लागतो आणि सांगायला गाव. रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला त्याने चुकून विषय काढला आणि बदामाची पोळी संपायच्या आत त्याला सात उपाय मिळाले. कुणी म्हणालं पॉलिश पेपर, कुणी म्हणालं गरम हवा, झायल्स्ट्राबाई म्हणाल्या ओव्हन साफ करायचा फवारा, "माझ्या दिराने त्याने होडी साफ केली." होडी पुढे बुडाली, पण ते वेगळ्या कारणाने, असं त्यांचं मत होतं. शेजारच्या गेरिट बाउमांनी सगळ्यात शेवटी तोंड उघडलं. ते सत्तरीचे, चर्चचे जुने वडीलधारे, त्यामुळे शेवटी बोलण्याचा मान त्यांचाच.

"विल, जे झाकलंय ते झाकलेलंच राहू दे," ते म्हणाले. "खाली काही नसलं तर काय करशील?"

"गेरिटकाका, तुम्ही तर पाहिलंय ते. तुम्हीच आला होतात ना आमच्या घरी?"

"मी बऱ्याच घरी गेलोय. सगळं कुठे आठवतंय," असं म्हणत त्यांनी तोंडात पेपरमिंट टाकलं.

अडचण अशी होती की सातही उपाय राखाडी रंगावर थांबणारे नव्हते. पॉलिश पेपरने लाटा घासल्या जाणार, गरम हवेने खालचा लाल करपणार, रंग काढायच्या द्रावणाने राखाडी निघेल आणि मागोमाग मध आणि चेरीही. विलार्डला लाकूड नको होतं. त्याला तीच गिटार हवी होती. म्हणून त्याने आधी चाचणी घ्यायची ठरवली आणि दुकानातून सगळ्यात सौम्य म्हणून मिळालेलं द्रावण स्वयंपाकघरातल्या एका रंगवलेल्या खुर्चीवर लावलं. सौम्य द्रावणाने रंग काढला, वार्निश काढलं, खुर्चीचा सरस काढला आणि पायावरून खाली ओघळून फरशीवरच्या लिनोलियमला ताटलीएवढं भोक पाडलं. ती खुर्ची आर्लीनच्या आईची होती. हे त्याला नंतर कळलं, आणि मग बराच वेळ कळत राहिलं.

"गॅरेजमध्ये जा," आर्लीन म्हणाली. "गाडी बाहेर काढ आणि तू आत राहा."

गॅरेजमध्ये त्याने गिटारच्या पाठीवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थेंब-थेंब द्रावण लावून पाहिलं. त्या थेंबांनी गिटारच्या काठाची पांढरी पट्टी च्युइंग गमसारखी मऊ झाली. तो घाबरून थांबला. पण वास थांबला नाही. वास रस्ता ओलांडून झायल्स्ट्राबाईंच्या पडद्यांत शिरला, आणि त्या पडद्यांमागे बाई नेहमीप्रमाणे उभ्याच होत्या.

मंगळवारी टाउनशिपचा, म्हणजे गावच्या कचेरीचा, तपासनीस मार्विन कोइमन दारात हजर. हातात पाटी, पाटीवर कागद, खिशात चार पेनं.

"विलार्ड, तू गॅरेजमध्ये धंदा काढलायस म्हणे."

"कसला धंदा? एक गिटार आहे, मार्विन."

"एकीपासूनच सुरुवात होते. पेटणाऱ्या द्रव्यांनी लाकूडकाम करायचं तर परवाना लागतो. रहिवासी भागात परवाना मिळत नाही. म्हणून सुनावणी लागते."

"मिळतच नाही तर सुनावणी कशाला?"

"तो मिळत नाही हे सांगायला," कोइमन शांतपणे म्हणाला. मग मान तिरकी करून, कपाळाला आठी घालून त्याने गॅरेजमध्ये डोकावत विचारलं, "डबा रात्रभर उघडा होता का?"

विलार्डच्या कानाच्या पाळ्या तापल्या. विमा कंपनीत तो आगीचे दावे तपासत असे. हा प्रश्न त्याचा होता. वीस वर्षं लोकांच्या जळक्या गॅरेजांत उभं राहून, मान अशीच तिरकी करून, त्याने तो विचारला होता, आणि उत्तर काहीही आलं तरी कपाळावर हीच आठी घातली होती.

सुनावणीला शाळेच्या हॉलमध्ये नेहमी चार माणसं असतात, त्यांतली दोन ऊब घ्यायला आलेली. त्या दिवशी खुर्च्या पुरल्या नाहीत. वेस्टरडाइकमध्ये नाटक-सिनेमाला जाणं फारसं बरं मानत नाहीत, त्यामुळे टाउनशिपच्या सभांना गर्दी होते. झायल्स्ट्राबाई पहिल्या रांगेत विणकाम घेऊन बसल्या होत्या. विलार्डने गिटार जुन्या टॉवेलात गुंडाळून आणली होती. अध्यक्षांनी ती टेबलावर ठेवायला सांगितली. टॉवेल निघाला. हॉलमध्ये खसखस पिकली. पायरीच्या रंगाच्या गिटारीकडे पाहून गंभीर राहणं खरंच सोपं नाही.

"मिस्टर हूकस्ट्रा," अध्यक्ष म्हणाले, "एवढा खटाटोप कशासाठी ते सभेला सांगा."

विलार्डने भाषण लिहून आणलं होतं. त्यात 'रहिवासी वापर' हा शब्दप्रयोग चारदा होता. ते कागद त्याने खिशातून काढले आणि तसेच परत ठेवले.

"बाहेरून कळत नाही," तो म्हणाला. "झाड उभं असतं तेव्हा कुणालाच कळत नाही. शंभरांतलं एखादं मेपल आतून लाटा धरून वाढतं, का ते लाकूडवालेही सांगू शकत नाहीत. ते कापलं की एका ओंडक्याच्या दोन फळ्या पुस्तकासारख्या उघडतात आणि मधोमध जोडतात. मग डावीकडची लाट उजवीकडच्या लाटेला भेटते. हात फिरवला तर सपाट लागतं. पण दिसायला... तळ्याच्या काठाला उथळ पाण्यात उभं राहिल्यावर पायाखालच्या वाळूवर पाण्याच्या सुरकुत्या दिसतात ना, तसं. आणि गिटार जरा कलती केली की त्या सुरकुत्या सरकतात. उजळ होती ती जागा गडद होते, गडद होती ती उजळते. धूपछाव कापडासारखं. मी वाजवायला घ्यायचो आणि वाजवायचं विसरून नुसती हलवत बसायचो. आई म्हणायची, अरे, हा काय वाजवतोय का बाळ झुलवतोय."

झायल्स्ट्राबाईंच्या विणायच्या सुया थांबल्या होत्या. विलार्डला एवढं बोलताना आमच्यापैकी कुणीच ऐकलं नव्हतं, त्यानेही नसावं.

"आणि हे सगळं," अध्यक्षांनी पेनाने राखाडी रंगाकडे खूण केली, "याच्या खाली आहे?"

"हो."

"याला पुरावा?"

"मी पाहिलंय."

"कधी?"

"सतरा वर्षांचा होतो तेव्हा."

कुणीतरी मागे हसलं. सतराव्या वर्षी काय काय सुंदर दिसतं याचा ज्याला त्याला अनुभव असतो. विलार्ड लाल झाला. तेवढ्यात मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि गेरिट बाउमा उठून उभे राहिले.

"मी पाहिली होती," ते म्हणाले. "मीच गेलो होतो तक्रार घेऊन. हा म्हणतो ते खरं आहे. अशी गिटार होती की प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटायला नको वाटायचे." मग ते म्हणाले, "पोरींचं सोडा. माझेच मिटत नव्हते."

एवढं बोलून ते खाली बसले. साक्ष बिनतोड होती, पण टाउनशिपचे नियम सौंदर्याबद्दल गप्प आहेत. निकाल पुढच्या महिन्यावर गेला. तोवर घराच्या कपाटात असतं त्यापेक्षा जहाल काही गॅरेजमध्ये वापरायचं नाही, अशी ताकीद कोइमनने वाचून दाखवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेरिटकाका गॅरेजच्या मागच्या दाराने आले. मागच्या दाराने ते पूर्वी कधी आलेले कुणाला आठवत नाही. हातात कॉफीचे दोन रिकामे कप, कोटाच्या आत काहीतरी उंचवटा.

"छातीसाठी ठेवतो," असं म्हणत त्यांनी मातीची बाटली काढली. हॉलंडची जिन. ज्यांनी तीस वर्षं गावाला संयम शिकवला, त्यांच्या कोटातून ती निघाली आणि विलार्डने सभ्य माणसासारखं छताकडे पाहिलं, तोवर काकांनी दोन्ही कप भरले.

"विल, मी त्या वेळी बोललो नसतो तर तू वाजवत राहिला असतास?"

"कोण जाणे, काका. मी काही फार बरा वाजवत नव्हतो."

"ते मलाही आठवतंय," गेरिटकाका म्हणाले, आणि दोघंही हसले. हसताना काकांचा हात बाकड्यावरच्या कपाला लागला. कप आडवा झाला. जिन गिटारच्या छातीवर पसरली आणि जिथे पूर्वीच एक टवका उडाला होता तिथे साचली. त्यांनी घाईघाईने रुमालाने टिपली, पण टवक्यात शिरली ती शिरलीच. काका पांढरेफटक पडले, गिटारसाठी की जिनसाठी ते त्यांचं त्यांना माहीत.

सकाळी कामावर जायच्या आधी विलार्ड डोकवायला गेला. टवक्याभोवती तळहाताएवढा राखाडी रंग दुधावरच्या सायीसारखा सुरकुतला होता. त्याने नखाने कड धरली. साय उचलली गेली. फाटली नाही, खरवडावी लागली नाही, आपणहून सुटून आली. तिच्यामागे काहीतरी चिकट, पिवळसर होतं. आणि त्यातून वास आला.

तो वास विलार्डला ओळखीचा होता. पाच वाजता मागच्या दारात वाजणारे बूट, खुंटीला अडकवलेला डगला, त्या डगल्यात नाक खुपसून उभा असलेला तो स्वतः, डोकं खुंटीपर्यंतही न पोचणारा. वडिलांचा वास म्हणजे साबण नाही, तंबाखू नाही. हा वास. लाखेचं पॉलिश.

तो गिटार मांडीवर घेऊन उलट्या बादलीवर बसला. पॉलिशवाल्याच्या मुलाला एवढं समजतं. लाख स्पिरिटने विरघळते, आणि जिनमध्येही असतं ते स्पिरिटच. कारखान्याचा मूळ रंग असल्या स्पिरिटला सहसा दाद देत नाही. राखाडीच्या खाली आणि चेरीच्या वर, दोन्हींच्या मध्ये, कुणीतरी लाखेचा एक हात देऊन ठेवला होता. असा हात देतात तो कधीतरी वरचं सगळं सुखरूप काढता यावं म्हणून.

दुपारी आर्लीन त्याला शोधत आली, तेव्हा त्याने दुकानातून आणलेल्या, घरोघरी असतं तसल्या साध्या स्पिरिटने बराच भाग मोकळा केला होता. कामावर तो गेलाच नव्हता. ती बाकड्यापाशी उभी राहिली. विलार्डने गिटार खिडकीकडे हळूच कलती केली. मधातून लाटा सरकल्या.

"अगं बाई," आर्लीन म्हणाली. मग गिटारवर वाकून, "हे मला लग्नाआधी का नाही दाखवलंस?"

"तेव्हाही राखाडीच होती."

"विलार्ड, मी ही विकायला काढली होती."

"कुणी घेतली नाही ना," तो म्हणाला. "झायल्स्ट्राबाई सोडल्या तर कुणी हातही लावला नाही."

पुढच्या महिन्याची सुनावणी झाली नाही. कोइमन येऊन पाहून गेला, गिटार चारदा कलती करून पाहिली, पाचव्यांदाही पाहिली. रंग कशाने निघाला असं विचारल्यावर विलार्ड म्हणाला, "घराच्या कपाटात असतं त्याने." कुणाच्या घराच्या, ते कोइमनने विचारलं नाही. गेरिटकाका मात्र तेव्हापासून विलार्डच्या पायऱ्यांवरचं बर्फ न सांगता काढतात.

रंग निघू लागला त्याच आठवड्यातल्या रविवारी चर्च सुटल्यावर विलार्ड गिटार घेऊन वृद्धाश्रमात गेला. क्लास खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. त्र्याऐंशी वर्षांचे, खांदे उतरलेले, हातांना कंप. गिटारच्या खालच्या काठाला अजून बोटभर राखाडी पट्टा राहिला होता. भेटीची वेळ गाठायच्या घाईत तो तसाच राहून गेला होता. विलार्डने गिटार त्यांच्या मांडीवर ठेवली.

क्लासनी चष्मा पुसला. गिटार उजेडाकडे कलती केली. परत सरळ केली. परत कलती. कॉफी आली आणि गार झाली. मुलगा बसून होता. या खोलीत दोघांनी कितीतरी रविवार हवापाण्याबद्दल बोलून काढले होते, आणि आज हवापाण्याचं दोघांनाही सुचत नव्हतं.

"पा," विलार्ड म्हणाला, "खाली लाखेचा हात का दिला होतात?"

"सवय," क्लास म्हणाले.

"पोर्चच्या पायऱ्यांना दिला होता?"

क्लासनी गिटार पुन्हा एकदा कलती केली.

"पायऱ्यांना कशाला लागते लाख," ते म्हणाले.

विलार्डला पुष्कळ विचारायचं होतं. काढता येतो हे तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत, मी विचारायची वाट पाहत होतात का, आणि मी विचारलंच नसतं तर. पण तो नुसता खुर्ची ओढून वडिलांच्या जवळ सरकला.

"हे खाली राहिलंय," क्लास काठावर बोट ठेवून म्हणाले. "असं अर्धवट काम घेऊन फिरतात का? फडकं आणलंयस?"

विलार्डने खिशातून बाटली काढली, फडकं काढलं. क्लासनी फडक्याची घडी घालून पुरचुंडी केली, बाटलीच्या तोंडाला लावून उलटी केली, आणि काठावर लहान-लहान गोल फिरवायला सुरुवात केली. हात कापत होते. पण गोल सुटत नव्हते. राखाडी रंग साय होऊन गोळा होऊ लागला आणि त्यामागून चेरीचा लाल पुढे सरकला.

दार उघडलं. सेविका नाक वर करून उभी होती.

"मिस्टर हूकस्ट्रा, खोलीत स्पिरिटचा वास येतोय. काय चाललंय इथे?"

"काम," क्लास मान वर न करता म्हणाले. "दार लावून घ्या. धूळ येते."